निळ्या आणि लाल पूररेषेमधल्या प्लॉटवर जोतं किती उंच घ्यायचं?

कृष्णाकाठ
सांगलीत ४ गुंठ्यांचा प्लॉट आहे. भाग नकाशावर (विकास योजनेतल्या आमच्या भागाचा नकाशा) निळी रेषा मागच्या कोपऱ्यातून जाते, बाकी सगळा प्लॉट निळ्या-लाल रेषांच्या मध्ये येतो. २०१९ च्या पुराची खूण शेजारच्या भिंतीवर रस्त्यापासून साडेसहा फुटांवर आहे. आर्किटेक्ट म्हणतात, खुणेच्या वर दीड फूट जोतं घेऊ, भराव टाकू. एवढ्यावर परवानगी मिळेल का? आणि मागच्या कोपऱ्याचा एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) बुडाला का?

लेव्हलवाला
दीड फूट बरोबर आहे, तो मोजायचा कुठून हे चुकलंय. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (२०२०) निळ्या आणि लाल रेषेमधल्या बांधकामाचं जोतं *लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा* ०.४५ मीटर वर हवं असं आहे. भिंतीवरची खूण म्हणजे एका पुराचं पाणी. लाल रेषा ही सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींचा मेळ बसेलच असं नाही.

पाटबंधारे विभागाकडून पूररेषेचा नकाशा घ्या आणि त्यातली प्रत्येक छेदाची (नदीच्या आडव्या कापाची) आरएल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची पातळी मागा, नुसती रेषा नको. नदीला उतार असतो, त्यामुळे प्रत्येक छेदाची पातळी वेगळी. प्लॉट दोन छेदांच्या मध्ये असेल तर वरच्या अंगाच्या छेदाचा आकडा धरा.

समजा लाल पातळी ५४३.६० आणि तुमची जमीन ५४१.२०. जोतं ५४४.०५, म्हणजे जमिनीपासून २.८५ मी., सव्वानऊ फुटांच्या वर. खुणेवरून काढलेलं जोतं आठ फुटांवरच थांबतं.

सगळ्यात जास्त घोळ बेंचमार्कमध्ये, म्हणजे ज्या ठरावीक खुणेपासून पातळी मोजतात तिच्यात होतो. सर्व्हेअर गेटच्या पायरीला १००.०० धरून लेव्हल घेतो आणि तोच आकडा नकाशावर चढतो. पूररेषेची आरएल समुद्रसपाटीपासूनची असते, त्या दोघांची वजाबाकी होतच नाही. समुद्रसपाटीपासूनची पातळी माहीत असलेल्या पक्क्या बेंचमार्कवरून लेव्हल आणून, परत त्याच बेंचमार्कवर जाऊन आकडा जुळतो का बघायला सांगा, आणि लेव्हल बुकाची प्रत फाइलला लावा.

नियमावली_वाचा
एफएसआयचं: नदीकाठ ते निळी रेषा हा प्रतिबंधित पट्टा. तिथे इमारत नाही, पण बाग, मोकळी जागा, पार्किंग चालतं. प्लॉट विकासयोग्य झोनमध्ये असेल तर त्या भागाचा एफएसआय उरलेल्या जमिनीवर वापरता येतो, बुडत नाही. मात्र उरलेल्या जागेत मार्जिन (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) सोडून तो बसला पाहिजे. ४ गुंठ्यांत खरी अडचण तीच होते, म्हणून आधी लेआउट टाकून बघा.

पाटबंधारे विभागाने रेषा बदलली की विकास योजनेतलीही बदललेली धरली जाते. जुन्या झोन दाखल्यावर विसंबू नका. आणि कुणी गुंठेवारीचा कागद दाखवून ‘पूररेषेचा प्रश्न मिटलाय’ म्हणत असेल तर ऐकू नका. तो कागद जमिनीची पातळी वाढवत नाही.

खांबावरचं_घर
भराव नको, स्टिल्ट घ्या, म्हणजे खाली मोकळं ठेवून घर खांबांवर उचला. १५० चौ. मी. तळ २.८५ मी. उचलायला दीडशे ब्रास मुरूम लागतो. खाली काळी माती असेल तर ती त्या वजनाखाली असमान बसते आणि जोत्याला तिरक्या चिरा जातात. त्याहून वाईट म्हणजे तेवढं पाणी मावायची जागा तुम्ही अडवता, आणि ते शेजाऱ्याच्या घरात जातं. हे करू नका हो, शेजारीही त्याच पुरात राहतो.

स्टिल्टला चारी बाजूंनी भिंत घालू नका. बाहेर २.४ मी. पाणी आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला २.४ टन दाब येतो. नऊ इंची विटेची भिंत आत कोसळते. भिंत हवीच असेल तर निदान दोन बाजूंना, जमिनीपासून फूटभराच्या आत भोकं ठेवा. अमेरिकेतल्या पूरपट्ट्यात दर चौरस फूट बंदिस्त जागेला १ चौरस इंच भोक असा नियम आहे. १००० चौ. फुटांना ७ चौ. फूट. आपल्याकडेही हा हिशेब वापरायला हरकत नाही. कंपाउंडही जाळीचं ठेवा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार, पाटबंधारेकडे अर्ज देतो. जमिनीखालची पाण्याची टाकी आणि सेप्टिक टँक स्टिल्टखाली चालेल का?

खांबावरचं_घर
चालेल, पण पुराआधी रिकामी ठेवायची नाही. बाहेरून ३×२×२ मी. टाकी पूर्ण पाण्याखाली गेली की १२ टनांची उचल लागते. तयार प्लास्टिकची टाकी तर हमखास वर येते, तिला खाली काँक्रीटचा स्लॅब आणि पट्टे हवेत. इशारा मिळाला की पाण्याची टाकी काठोकाठ भरा, झाकण आवळा. सेप्टिक टँकच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर पाणी उलटं चढून संडासातून वर येतं. व्हेंट पाइप, मीटर बोर्ड आणि पंपाचा स्टार्टर तिन्ही जोत्याच्या पातळीच्या (वरच्या उदाहरणात ५४४.०५) वर.