अनुबियास जगतंय, पण भरत नाही

प्रश्न: माशांच्या दोन फुटी टाकीत लाकडावर अनुबियास नाना (पाण्यात वाढणारं रोप) बांधून आठ महिने झाले. एकच खोड हळकुंडासारखं आडवं पुढे सरकतंय. शेंड्याला सहा पानं, मागचा भाग टकला. झुडूप कधी होणार? वाळूत खताच्या गोळ्या पुरल्या, लाइट दहा तास केला. आता पानांवर हिरवे ठिपके आलेत, घासूनही निघत नाहीत.

उत्तर १: लाइट सहा-सात तासांवर आणा. याचं पान महिनोन्महिने तेच राहतं, मग शेवाळाला बसायला निवांत जागा मिळते. नेराइट गोगलगायी ठिपके खातात.

उत्तर २: वाळूतल्या गोळ्या वाया गेल्या हो. मुळं लाकडावर आहेत, खाणं पाण्यातूनच घेणार. पाण्यात घालायचं खत द्या, तेही बेताने.

आता मुख्य गोष्ट. कात्री लावा. तुळशीचा शेंडा खुडल्याशिवाय ती डेरेदार होते का? तसंच हे. शेंडा वाढतोय तोवर मागचे डोळे झोपून राहतात. ब्लेडने खोड मधोमध कापा, शेंड्याकडे किमान तीन-चार पानं राहू द्या. मागचा तुकडा लाकडावरून काढूच नका, त्याची मुळं धरलेली आहेत. शेंडा त्याच्या शेजारी दोऱ्याने बांधा किंवा फेविक्विकच्या थेंबाने चिकटवा. ठिपकेवाली जुनी पानं देठापासून काढा, पण एकदम सगळी नको.

खोड वाळूत पुरू नका. माझं पहिलं रोप मी कौतुकाने बटाट्यासारखं पुरलं होतं. पंधरा दिवसांत खोड लिबलिबीत झालं आणि टाकीला असा वास सुटला की आईने विचारलं, मासा मेलाय का.

प्रश्नकर्ता: टकल्या तुकड्याला एकही पान नाही. तो जगेल?

उत्तर २: दाबून बघा. कडक असेल तर जगेल. पण एक-दोन महिने काहीच दिसणार नाही, रोज हलवून बघू नका. टाकीत जावा फर्न हे रोप असेल तर त्यालाही हेच लागू. त्याच्या जुन्या पानांवर पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, येतात ती फेकू नका, सुटी करून त्याच लाकडावर बांधा. दाटपणा फुकटात.

प्रश्नकर्ता (सात आठवड्यांनी): टकल्यावर दोन डोळे फुटलेत, तांदळाच्या दाण्याएवढे. तिसरा आहे की शेवाळ, ते भिंग घेऊन बघतोय.