नऊ महिने गर्दपासून दूर राहिलेला भाऊ एका नोटिशीने पुन्हा का घसरला?

परळची_ताई
माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षापासून गर्द, म्हणजे भेसळीचे हेरॉइन, ओढत होता. गेल्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावर नऊ महिने त्याने गर्दला हात लावला नाही. सातच्या लोकलने कामावर जात होता, पहिल्या पगारातून आईला मिक्सरही आणला. गणपतीनंतर चाळीच्या पुनर्विकासाची नोटीस आली, ट्रान्झिट कॅम्पात जायचे की भाडे घेऊन बाहेर पडायचे यावरून घरात रोज भांडणे होऊ लागली आणि चौथ्या दिवशी त्याच्या शर्टाच्या खिशात गर्द ओढायची जळकी पन्नी सापडली. टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावर शरीराला होणारा त्रास, तर केंद्रातच ओसरली होती. मग इतक्या महिन्यांनी नुसत्या ताणाने तलफ कशी परतते? की ही निव्वळ सबब आहे?

वॉर्डातला_जुना
ताई, मी मानसोपचार विभागात बरीच वर्षे काढली आहेत. आपण जिला टर्की म्हणतो ती शरीराची बाजू आहे. मेंदूच्या बुंध्याजवळ लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा इवलासा पुंजका नॉरअ‍ॅड्रिनलिन हे शरीराला सावध करणारे रसायन तयार करतो; गर्द त्याला दाबून ठेवते आणि तो त्या दाबाला सरावतो, म्हणून गर्द बंद होताच तो उसळतो. घाम, काटा येणे, धडधड हे सारे त्यातूनच येते, आणि क्लोनिडीनची गोळी नेमकी तिथेच उपयोगी पडते. हे बहुधा आठवड्या-दीड आठवड्यात शमते. अमिग्डाला या मेंदूतल्या भीती-भावनांच्या भागाच्या आसपासची ताणाची यंत्रणा मात्र इतक्या लवकर ताळ्यावर येत नाही. सीआरएफ नावाचे ताणाचे रसायन तिथे जोर धरते, आनंदाची बाजू मंदावलेली असते, आणि जी कटकट इतरांना नुसती कटकट वाटते ती अशा माणसाला असह्य होते. त्याच वेळी कपाळामागचा, ‘थांब’ म्हणणारा भाग ताणाखाली ढिला पडतो.

१९९५ साली शाहम आणि स्टुअर्ट या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला उंदरांवरचा प्रयोग या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. कळ दाबून हेरॉइन मिळते हे शिकलेल्या उंदरांची ती सवय आधी मोडण्यात आली होती. पायांना विजेचे हलके झटके बसताच ते पुन्हा कळ दाबू लागले. सीआरएफ अडवणाऱ्या औषधांनी उंदरांत हे कमी झाले, पण माणसांत त्यांनी आशा पुरी केली नाही.

गिरगावकर_काका
माहिती उत्तम आहे, परंतु नोटीस सबंध चाळीला आली असणार, आणि सगळी बिऱ्हाडे काही पन्नी घेऊन बसली नाहीत. सारा दोष रसायनांवर ढकलला, तर त्या मुलाच्या हाती काय उरते?

सतरा_वर्षे_कोरा
काका, आपला प्रश्न रास्त आहे. माझे वडीलही हेच विचारत असत. गर्द सोडून आठ वर्षे झाल्यावर, ते अतिदक्षता विभागात असताना, मी रुग्णालयाच्या बिलाची जुळवाजुळव करत कुर्ल्याच्या पुलावरून चाललो होतो. कठड्याशी कोणीतरी पन्नीखाली काडी धरली होती. एकामागून एक जांभया आल्या, नाक वाहू लागले, पोटात कळ उठली. आठ वर्षांनी अगदी टर्कीसारखेच. मी वाचलो तो मनोधैर्याने नव्हे. मित्राचा फोन लागला आणि तो स्टेशनवर येईपर्यंत बोलत राहिला, एवढेच. आमच्या व्यसन सोडलेल्यांच्या गटात भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांना सांभाळायला सांगतात. जबाबदारी आहेच, पण ती पुलावर पोहोचण्याच्या आधीची.

वॉर्डातला_जुना
त्या जांभयांचे वर्णन अचूक आहे. अब्राहम विक्लर या अमेरिकी संशोधकांनी १९४० च्या दशकातच अशी निरीक्षणे नोंदवली होती की, व्यसनातून सुटलेला माणूस जुन्या वस्तीत परतला की त्याला टर्कीची लक्षणे नव्याने जाणवतात.

ताई, एक गोष्ट तातडीची आहे. नऊ महिन्यांत त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरली आहे. पूर्वीची मात्रा तो आज घेईल तर श्वास बंद पडून जीव जाऊ शकतो, म्हणून त्याला कोंडून घेऊ देऊ नका. तो उठत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा घरघर लागली असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. एरवी त्याला मानसोपचार विभागात न्या. ब्युप्रेनॉर्फिन हे गर्दच्याच गटातले, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाणारे औषध तलफ आणि टर्की दोन्ही आटोक्यात ठेवते. ‘एक व्यसन सोडून दुसरे’ हा त्यावरचा आक्षेप मला पटत नाही. केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरूनही चौकशी करता येईल.

परळची_ताई
काल रात्री त्याच्याशी बोलले. पन्नी दोनदा ओढल्याचे त्याने स्वतःहून सांगितले. मी आरडाओरडा करीन या धास्तीने तो बोलत नव्हता, आणि खरे तर मी केलाही असता. सकाळी आम्ही दोघे बाह्यरुग्ण विभागात जात आहोत. नोटिशीचे कागद मी त्याच्या खोलीतून काढून माझ्या सासरी ठेवले आहेत, आणि बिल्डरच्या माणसांशी यापुढे मीच बोलेन असे आईला सांगितले आहे.