नऊपैकी नऊ जिंकले, तरी बोलावणं नाही! १९५१ चा सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा संघ

मेधा_ठाणे

नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात (यूएसएफ) शिकायला गेली आहे. तिच्या वसतिगृहाचं नाव टोलर हॉल. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मावशी, हे बर्ल टोलर म्हणजे इथले फुटबॉलवाले. १९५१ साली त्यांच्या संघाने एकही सामना गमावला नाही, आणि त्याच वर्षी कॉलेजने फुटबॉलच बंद करून टाकला." पुढे काहीतरी 'बोल'चं निमंत्रण आणि दोन काळे खेळाडू असंही सांगत होती, पण तेवढ्यात तिला लेक्चरला पळायचं होतं.

माझं डोकं तिथेच अडकलंय. जिंकणारा संघ कोण बंद करतं? इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत, जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि कृपा करून मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही असं धरूनच लिहा.

---

अण्णा_सनसेट

मेधाताई, विषय माझ्या अगदी आवडीचा काढलात. मी राहतो तिथून केझार स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळी गुडघे साथ देतील तितक्या फेऱ्या त्याच ट्रॅकवर मारतो. या संघाचं घरचं मैदान ते. तेव्हाचं अवाढव्य स्टेडियम १९८९ मध्ये पाडलं, आता लहानसं आहे. मधल्या हिरवळीला 'बॉब सेंट क्लेअर मैदान' म्हणतात, तो गडीही याच संघातला. सहा फूट नऊ इंच उंच, आणि मांस कच्चं खायचा. उगाच केलेली दंतकथा वाटेल, पण तो स्वतःच लोकांसमोर खाऊन दाखवायचा.

आता मुद्द्यावर येतो. यूएसएफ हे जेझुइट पाद्र्यांचं टेकडीवरचं छोटं विद्यापीठ. प्रशिक्षक ज्यो कुहॅरिक. त्याने १९५१ च्या उन्हाळ्यात पोरांना कॉर्निंग नावाच्या गावी सरावाला नेलं. सॅन फ्रान्सिस्कोत ऑगस्टमध्येही धुक्यामुळे स्वेटर लागतो. कॉर्निंग आतल्या खोऱ्यात, तिथे विदर्भातल्या मे महिन्यासारखं ऊन. तिथे टिकले ते संघात राहिले.

आणि संघ तरी कसा! जीनो मार्केटी दुसऱ्या महायुद्धात युरोपात मशीनगन चालवून आलेला. लेदर जॅकेट घालून, मोटरसायकलवर बसून कॉलेजात दाखल झाला होता. एड ब्राउन क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा. ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघे याच शहरातल्या सिटी कॉलेजमधून आलेले. मॅटसनचा जन्म टेक्ससचा, टोलरचा मेम्फिसचा, म्हणजे दोघेही मूळचे दक्षिणेतले. संघाच्या बातम्या छापून आणायचं काम करणारा पोरगेला माणूस होता पीट रोझेल. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मॅटसनबद्दल जरा सविस्तर लिहितो, नाहीतर बाकीचं समजणार नाही. या खेळात चेंडू काखेत मारून, अंगावर येणाऱ्यांना चुकवत किंवा आडवं करत पुढे धावायचं असतं. मैदान १०० यार्डांचं, म्हणजे ३०० फूट. त्या नऊ सामन्यांत मॅटसन १,५६६ यार्ड धावला. त्या वर्षी देशात कोणीही त्याच्याएवढं धावलं नव्हतं. २१ टचडाउन त्याच्या एकट्याच्या नावावर. टचडाउन म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांची शेवटची रेषा ओलांडणं, त्याचे सहा गुण. वर हा माणूस बचावालाही उभा राहायचा.

ऑक्टोबरमध्ये संघ न्यूयॉर्कला फोर्डहॅमशी खेळायला गेला. पूर्वेकडच्या वार्ताहरांना या टेकडीवरच्या कॉलेजचं नावही धड माहीत नव्हतं. समोरच्या संघाने लाथाडलेला चेंडू झेलून मॅटसन ९० यार्डांहून जास्त पळत गेला आणि टचडाउन. त्याच सामन्यात पुन्हा एकदा अगदी तस्संच! सामना ३२-२६ असा जिंकला, पण त्या वर्षी इतकं घासून त्यांना कोणी खेळवलं नाही. नोव्हेंबरात स्टॉकटनला जाऊन कॉलेज ऑफ द पॅसिफिकला ४७-१४ असं धुतलं. पॅसिफिकचा संघ तेव्हा तगडा मानला जायचा आणि या सामन्यावर बोलवाल्यांचा डोळा होता. शेवटी लोयोलाला २०-२ हरवून नऊपैकी नऊ पूर्ण केले.

आता बोल. नवीन वर्षाच्या सुमारास होणारे हे मोठे सामने. तेव्हा एवढे जिंकलात म्हणजे पात्र झालात असा हिशेब नव्हता. आयोजक समितीच्या मनाला येईल त्याला बोलावणं, लग्नाच्या आवतणासारखं. ऑरेंज बोल मायामीत, शुगर बोल न्यू ऑर्लिन्समध्ये, गेटर बोल जॅक्सनव्हिलमध्ये. तिन्ही गावं दक्षिणेत, जिथे काळ्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती.

संघातल्या लोकांनी पुढे आयुष्यभर जे सांगितलं ते असं: निरोप आला की या, पण मॅटसन आणि टोलरला घरी ठेवून या. संघाने नाही म्हटलं. मतदान नाही, भाषण नाही. खेळाडूंच्या आठवणींत या प्रसंगाला दोन-तीन वाक्यांपलीकडे जागा नाही, आणि मला ते फार खरं वाटतं. ज्याच्याबरोबर कॉर्निंगच्या उन्हात लोळलात त्याला घरी ठेवून जायचं, यावर चर्चा ती काय करायची?

फुटबॉल बंद का झाला? पैसा. फुटबॉलचा तोटा सत्तरेक हजार डॉलरपर्यंत गेला होता. बोलचे पैसे आले असते तर भोक बुजलं असतं. ते आले नाहीत, आणि वर्ष संपता संपता विद्यापीठाने खेळच गुंडाळला.

---

रंकाळ्यावरचा

अण्णा, एक नंबर! आता आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पायानं खेळायचा खेळ, त्यामुळं हातात चेंडू घेऊन पळणाऱ्याला आम्ही फाऊल देणार. पण गडी लई भारी.

ऑली मॅटसन हे नाव मी आधी वाचलंय, ते वेगळ्याच जागी. १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक. आपले खाशाबा जाधव तिथंच २३ जुलैला कुस्तीत कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आमच्याकडं पोराटोरांना पाठ आहे. त्याच ऑलिंपिकात दोन दिवसांनी ४०० मीटरमध्ये या मॅटसननं कांस्य घेतलं. वर चार बाय चारशेच्या रिलेत रौप्य. रिलेत जमैकानं अमेरिकेला सेकंदाच्या दहाव्या भागानं मागं टाकलं.

म्हणजे जानेवारीत ज्याला मायामीत नको म्हटलं, जुलैत त्याच्याच छातीवर अमेरिकेचं नाव. वा रे न्याय!

---

तिरकस_प्रश्न

कथा छान आहे, म्हणूनच शंका येते. एक, 'दोघांना सोडून या' असं लेखी पत्र कोणी दाखवलं आहे का? दोन, या संघाचे बरेचसे प्रतिस्पर्धी लिंबूटिंबू होते. नऊ शून्य असूनही वार्ताहरांच्या अंतिम क्रमवारीत ते चौदावे होते. पहिल्या दहातही नसलेल्या संघाला बोलावलं नाही, यात वर्णद्वेषच आहे हे कशावरून? तीन, दक्षिणेत काळे खेळाडू खेळूच शकत नव्हते हेही सरसकट खरं नाही. १ जानेवारी १९४८ ला डॅलसच्या कॉटन बोलमध्ये पेन स्टेटकडून वॉलेस ट्रिपलेट आणि डेनी होगार्ड खेळले होते.

---

अण्णा_सनसेट

तिरकसराव, प्रश्न रास्त आहेत.

पत्राचं म्हणाल तर असले निरोप कोणी लेटरहेडवर पाठवत नसतं. जे आहे ते त्या खोलीतल्या माणसांचं सांगणं. चौदाव्या क्रमांकाचं खरं आहे आणि वेळापत्रक हलकं होतं हेही मान्य. त्यात एकदोन संघ तर लष्करी तळांवरचे होते. पण मोठी कॉलेजं यांच्याशी खेळायला तयार नव्हती, त्याला हे काय करणार? हरण्याची भीती आणि तिकिटाला मिळकत कमी, असा दुहेरी तोटा कोण घेईल? आणि संघ कच्चा होता म्हणावं तर पुढचं पाहा. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर हे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. एका छोट्या कॉलेजच्या एकाच मोसमातले तिघे. १ जानेवारी १९५२ ला ऑरेंज बोलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले, दोन्ही संघ झाडून गोरे.

पेन स्टेटचं उदाहरण तुम्ही दिलंत, आता त्याचं उरलेलं अर्धंही सांगतो. त्या संघाला डॅलसमध्ये हॉटेल मिळालं नाही. सगळे गावाबाहेर नौदलाच्या विमानतळावर राहिले. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला. शुगर बोलमध्ये पहिला काळा खेळाडू उतरायला १९५६ उजाडलं: पिट्सबर्गचा बॉबी ग्रिअर, समोर जॉर्जिया टेक. त्यावरून जॉर्जियाच्या गव्हर्नरने 'आमच्या टेकने खेळू नये' असा हट्ट धरला, तर टेकच्याच विद्यार्थ्यांनी अटलांटात मोर्चा काढून गव्हर्नरचा पुतळा जाळला. तेव्हा १९५१ मध्ये मायामीची समिती निव्वळ गुणवत्ता बघून बसली होती, हे मला तरी पटत नाही. क्रमवारी हे कारण असेल, पण एकमेव नव्हतं.

एक मात्र तुमच्या बाजूने बोलतो. हल्ली ही गोष्ट 'नकार दिला म्हणून कॉलेजने फुटबॉल बंद केला' अशी सांगतात, ते चूक. तोटा आधीपासून होता. त्या भागातली इतर कॅथलिक कॉलेजंही त्याच सुमारास फुटबॉल सोडत होती. बोलला गेले असते तरी एखादं वर्ष वाढलं असतं, इतकंच.

---

मेधा_ठाणे

अण्णा, दंडवत घ्या. आणि टोलर? सगळे मॅटसनबद्दलच लिहिताय. माझी भाची राहते ती इमारत टोलरच्या नावाची आहे हो!

---

अण्णा_सनसेट

हो की, त्यांचं राहिलंच. टोलरना क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाने निवडलं होतं. पण १९५२ च्या उन्हाळ्यात शिकागोला कॉलेजच्या निवडक खेळाडूंचा सामना झाला, त्यात गुडघा गेला. व्यावसायिक फुटबॉल सुरू व्हायच्या आत संपला. गृहस्थ परत आले, शिक्षक झाले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या माध्यमिक शाळेचे पहिले काळे मुख्याध्यापक तेच.

आता तो पीट रोझेल आठवा. यूएसएफच्या बातम्या पोचवणारा हा पोरगा लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघाचा जनरल मॅनेजर झाला आणि १९५९ मध्ये त्याने आपल्या जुन्या मॅटसनला घेण्यासाठी तब्बल नऊ जणांचं माप समोरच्या संघाच्या पारड्यात टाकलं! १९६० मध्ये तो अख्ख्या एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य लीगचा, आयुक्त झाला. त्याच्या कारकिर्दीत, १९६५ मध्ये, टोलर पंच म्हणून आले. एनएफएलमधले पहिले काळे पंच. सोमवार ते शुक्रवार शाळा, शनिवारी विमान, रविवारी कुठल्यातरी गावी साइडलाइनवर. १९८० च्या सुपर बोललाही, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यालाही, ते पंच होते. वारले २००९ मध्ये.

इमारतीचंही सांगतो. तिचं आधीचं नाव फेलन हॉल. जेम्स फेलन या शहराचा महापौर आणि नंतर सिनेटर. १९२० ची निवडणूक त्याने 'कॅलिफोर्निया गोराच ठेवा' या घोषणेवर लढवली होती. त्याचा रोख जपानी आणि एकूणच आशियाई लोकांवर होता, म्हणजे तुमच्या भाचीवर आणि माझ्यावरसुद्धा. विद्यार्थ्यांनी लावून धरलं आणि २०१७ मध्ये ते नाव उतरवून टोलरांचं लावलं.

---

रंकाळ्यावरचा

हे नाव बदलायचं प्रकरण एक नंबर! अवांतर: अण्णा, केझारवर आता पायानं खेळायचा फुटबॉल होतो काय? पोरगा पुढच्या वर्षी तिकडं यायचं म्हणतोय.

---

अण्णा_सनसेट

होतो की. शनिवार-रविवार मैदान भरलेलं असतं. बूट घेऊन ये म्हणावं, आणि स्वेटर विसरू नको म्हणावं, जुलै असला तरी.