मदत हवी आहे: डेंटल क्लिनिक विकायचंय, किंमत कशी काढायची?

माझं दोन चेअरचं क्लिनिक विकायचं ठरवतोय. सीए म्हणतात मागच्या 3 वर्षांचा नफा धरा पण त्यातून आधी तुमचा स्वतःचा पगार वजा करा, कारण घेणाऱ्यालाही तुमच्या जागी डॉक्टर बसवावा लागणारच. मित्र म्हणतो वर्षाच्या कलेक्शनचे ठराविक टक्के धर आणि मोकळा हो. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक येतोय! चेअर, एक्सरे, ऑटोक्लेव्हची किंमत घसारा वजा करून निघेल हो, खरा घोळ गुडविलचा, म्हणजे क्लिनिकच्या नावाच्या आणि जोडलेल्या पेशंटच्या किमतीचा आहे. फायली ढीगभर, पण गेल्या दीड-दोन वर्षांत आलेले पेशंटच मोजायचे ना? त्यात जागा भाड्याची, करार नव्या मालकाच्या नावे झाला नाही तर सगळंच मुसळ केरात. कोणी व्हॅल्युअर लावला होता का? आणि विकल्यावर काही महिने तिथेच थांबून पेशंट हँडओव्हर केले तर भाव वाढतो का?