उत्तर: खड्या मसाल्याचा रस्सा कडू होतोय

लवंगा कमी करा असं वर बऱ्याच जणांनी सुचवलंय, पण किलोभर कोंबडीला पाच-सहा लवंगांनी रस्सा कडू होत नाही. सगळे मसाले एकदम कढईत टाकून भाजले असं तुम्ही लिहिलंय ना, खरी गोम तिथेच आहे. धणे मंद आचेवर खमंग व्हायला वेळ लागतो, तोवर खसखस आणि मिरच्या करपून जातात. त्यामुळे प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा.

मालवणी रश्श्यासाठी 3 मोठे चमचे धणे, 1 चमचा बडीशेप, 8-10 मिरी, दोन बोटं दालचिनी आणि रंगाला 8-10 ब्याडगी मिरच्या पुरेत. तिखट हवं तर सोबत दोन-तीन संकेश्वरी मिरच्या. दगडफूल (झाडांच्या सालीवर-दगडांवर वाढणारं, वाळलेल्या शेवाळासारखं दिसणारं मसाल्याचं जिन्नस) मात्र विसरू नका! त्याला झाडाच्या सालीचे तुकडे चिकटलेले असतात, ते निवडून काढा आणि थेंबभर तेलावर कुरकुरीत करा. मसाल्याला खोल, मातकट वास येतो तो त्याचाच. जायफळ भाजायचं नाही, शेवटी किसून घालायचं.

सुकं खोबरंही तपासा. तांबूस झालं की लगेच ताटात काढा, गरम कढईत ठेवलं तर गॅस बंद केल्यावरही काळपट होतं आणि कडवटपणा येतो.

कांदा-खोबऱ्याचं वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता, मग कोंबडी. पाणी कडकडीत गरमच घाला. गावठी कोंबडी असेल तर ती आधी हळद-मीठ लावून अर्धी शिजवून घ्या, तेच पाणी रश्श्याला वापरा.