फ्लश केलेलं पाणी शेवटी समुद्रातच जातं का?

काल वरळी सीफेसवर बसलेलो, ओहोटी होती आणि वास असा की हातातलं कणीस खाववेना. बायको म्हणते सगळं डायरेक्ट समुद्रात सोडतात, मी म्हणतो प्लांट असतात. कोण बरोबर?

पंपवाला: दोघंही थोडेथोडे. सांडपाण्यासाठी मुंबईचे सात झोन आहेत. वरळी-वांद्र्याला इतकी वर्षं मेन काम काय, तर जाळ्यांवर चिंध्या, प्लास्टिक, शाम्पूच्या पुड्या अडवायच्या, रेती खाली बसवायची आणि उरलेलं पंप करून समुद्राखालच्या बोगद्यातून तीन किलोमीटरच्या पुढे नेऊन सोडायचं, तिथे पाण्यात पातळ होतं हा हिशोब. घाटकोपर-भांडुपला मोठी तळी आहेत, त्यात हवा मारतात म्हणजे बॅक्टेरिया जगतात आणि घाण खातात. जाळीवर काय काय येतं ते विचारू नका, जेवायची वेळ आहे.

भांडुपकर: मग किनाऱ्यावर वास कसला?

पंपवाला: नाल्यांचा बराचसा. पावसाच्या पाण्यासाठी केलेल्या नाल्यांत वस्त्यांचं सांडपाणी सुटतं, ते प्लांटला पोचतच नाही. मिठी नदी बघा ना.

चाळकरी: नवीन प्लांटचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं की, सात मिळून रोज २४६४ दशलक्ष लिटर, एकट्या वरळीचा ५००. त्यात नुसती जाळी नाही, बॅक्टेरियावालं ट्रीटमेंट पण आहे. पण नाला प्लांटला जोडलाच नाही तर प्लांट काय करणार?

प्रश्नकर्ता: म्हणजे बायको जिंकली. सांगत नाही तिला.