लूप शिकवायला ताऱ्यांचे पिरॅमिड कशाला?

धंतोलीकर

नागपुरातल्या कुठल्याही कॉम्प्युटर क्लासमध्ये डोकवा. लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करवून घेणारा प्रोग्रॅमचा भाग, शिकवायला सुरू झाला की आठवड्याभरात फळ्यावर ताऱ्यांचा पिरॅमिड उभा राहतो. आधी काटकोन त्रिकोण, मग उलटा, मग हिरा, मग आकड्यांचा, मग एबीसीडीचा. माझं म्हणणं एवढंच की नवशिक्यांसाठी हा प्रकार बंद करा.

पोरं त्यातून शिकतात काय? एकूण ओळी एन आणि चालू ओळ आय असेल तर रिकाम्या जागा एन वजा आय, तारे दोन आय वजा एक. म्हणजे बीजगणित, आणि तेही पाठ केलेलं. लूपचे खरे प्रश्न निराळे आहेत. दर फेरीला काय बदलतं? एका फेरीतून पुढच्या फेरीत काय न्यायचं? थांबायचं कधी? पिरॅमिडमध्ये किती ओळी छापायच्या ते आधीच सांगितलेलं असतं, आणि एका ओळीतून पुढच्या ओळीत न्यायला काही नसतंच.

त्यापेक्षा मे महिन्यातलं नागपूरचं रोजचं कमाल तापमान द्या. ३१ आकडे. पहिला प्रश्न: ४५ च्या वर पारा किती दिवस गेला? इथे मोजणारं व्हेरिएबल (आकडा ठेवायची जागा) शून्यावर कुठे ठेवायचं हे कळतं. लूपच्या आत ठेवलं की दर फेरीला पुन्हा शून्य. दुसरा: पहिल्यांदा ४५ कधी ओलांडलं? सापडल्यावर पुढचे दिवस बघायचं कारण नाही, म्हणजे थांबणं आलं. तिसरा: सलग जास्तीत जास्त किती दिवस ४५ च्या वर राहिला? आता दोन आकडे सांभाळावे लागतात, चालू साखळी आणि आतापर्यंतची सर्वांत लांब साखळी. यादी तीच, लूप तोच, विचार तीन वेगळे. लूपमध्ये लूप शिकवायचाच असेल तर जिल्ह्याचे १४ तालुके घ्या, प्रत्येकाचे ३१ दिवस. ४३४ आकडे होतात, आणि आतला लूप का लागतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि पायथन भाषा शिकवत असाल तर तारा गुणिले तीन लिहिलं की तीन तारे छापून येतात. आतल्या लूपची गरजच नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तेच भाषेनं एका चिन्हात आटोपलं.

खडूफळा

मी पॉलिटेक्निकला शिकवते. तुमची यादी छान आहे, पण माझ्या वर्गात ती चालवायची म्हणजे लूपच्या आधी ॲरे, म्हणजे आकड्यांची यादी साठवणं, शिकवावा लागतो. ताऱ्याला छापण्यापलीकडे काही लागत नाही. पहिल्या सेमिस्टरच्या पोराजवळ दुसऱ्या आठवड्यात तेवढंच असतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चूक दिसणं. पिरॅमिड एका जागेनं सरकला तर मागच्या बाकावरच्यालाही ते दिसतं. मला सांगावं लागत नाही, तोच खाली वाकून इनर म्हणजे आतल्या लूपची अट तपासतो. तुमच्या तापमानात उत्तर १२ च्या जागी ११ आलं तर कोणाला कळणार? पोरगा ११ लिहितो, जर्नलवर सही घेतो आणि चहाला जातो. एकनं चुकणं हा लूपमधला सगळ्यात जुना घोळ, आणि तो डोळ्यांना दाखवणारा दुसरा इतका स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

बुटीबोरी

दोघांच्याही वादात एक गोष्ट राहून गेली भाऊ. सगळे सर पहिल्या दिवशी सांगतात, इन्फिनिट लूप, म्हणजे कधीच न थांबणारा, ही चूक. आमच्या लायनीत तो नसेल तर मशीनच चालणार नाही. कंट्रोलर सेन्सर वाचतो, निर्णय घेतो, आउटपुट देतो, पुन्हा वाचतो, बंद करेपर्यंत हेच. अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये तर एका भागाचं नावच लूप आहे, आणि तो थांबत नाही. पोरांच्या स्क्रॅच भाषेतही कायम फिरणारा वेगळा ब्लॉक आहे. "हा लूप थांबायला हवा का?" हा प्रश्न पोरांना विचारतच नाही कोणी.

सेकंड सेम

सर, मॅडम, मधेच बोलतो, माफ करा. आमच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी, म्हणजे सी भाषेचं जुनं सॉफ्टवेअर, आहे. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार) प्रोग्रॅम केला. ७ ला ५०४० आलं, बरोबर. ८ ला उणे २५२१६. लूप दहा वेळा कागदावर ड्राय रन केला, काहीच चूक नाही. असं काहून होऊन राहिलं?

धंतोलीकर

लूप बरोबरच आहे. टर्बो सीमध्ये साधा इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) १६ बिटांचा, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ पर्यंतचा आकडा मावतो. ८ चं फॅक्टोरियल ४०३२०. तो मावत नाही आणि फिरून उणे बाजूला जातो. त्यातून ६५५३६ वजा कर, तुझं उत्तर येईल. लाँग हा मोठा प्रकार वापर.

मॅडम, बघा, आकडा साठवत नेणारा लूप लिहिला म्हणून या पोराला हा प्रश्न पडला. ताऱ्यांनी तो कधीच पडला नसता.

खडूफळा

त्याला प्रश्न पडला तो उणे चिन्ह दिसलं म्हणून. त्याच टर्बो सीमध्ये १० चं फॅक्टोरियल काढा. खरं उत्तर ३६२८८००, पडद्यावर येईल २४३२०. चांगला अधिक आकडा, शेवटी शून्यही आहे. कोणी पुन्हा वळून बघणार नाही. मी हेच तर म्हणून राहिले.

धंतोलीकर

हे मान्य, आकडा लपवतो. पण त्यावर उपाय तारे नव्हे, लहान यादी. ३१ नको, पाच दिवस द्या. उत्तर आधी बोटांवर काढून वहीत लिहायला लावा, मग प्रोग्रॅम चालवा. जुळलं नाही की शोध सुरू. ही सवय नोकरीतही कामी येते. वाकडा त्रिकोण ओळखण्याची सवय फक्त त्रिकोणापुरती. ॲरेची अडचणही मला तेवढी वाटत नाही. कीबोर्डवरून एकेक तापमान घेत जा, यादी साठवायचं कामच नाही.

शिस्तबद्ध

धंतोलीकर, तापमानाच्या दुसऱ्या प्रश्नात तुम्ही ब्रेक, म्हणजे लूपमधून मधेच बाहेर पडायची आज्ञा, शिकवणार असं दिसतंय. नवशिक्याला ब्रेक देऊ नये. लूपला आत जायला एक दार, बाहेर यायला एक दार. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांनी १९६८ मध्ये गोटूविरुद्ध, म्हणजे प्रोग्रॅममध्ये उडी मारायच्या आज्ञेविरुद्ध, लिहिलं ते काय उगाच? ब्रेक हा गोटूचाच सभ्य कपड्यातला भाऊ. आणि गरजही नाही. बोम आणि जाकोपिनी या संशोधकांनी १९६६ मध्येच सिद्ध केलं की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तिन्हींत सगळं बसतं.

आयटी पार्क, रात्रपाळी

बसतं, पण त्यासाठी जास्तीचे व्हेरिएबल बाळगावे लागतात. "सापडलं का" नावाचा झेंडा (हो की नाही एवढंच ठेवणारं व्हेरिएबल), तो अटीत, आत पुन्हा इफ, म्हणजे जर-तर. नवशिक्याला झेंडा सोपा की ब्रेक? डायक्स्ट्रांचा राग कुठूनही कुठेही उडी मारण्यावर होता. ब्रेक एकाच ठिकाणी नेतो, लूपच्या लगेच खाली.

आणि हा नुसता आवडीनिवडीचा मामला नाही. संशोधक एलियट सोलोवे आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये यावर अभ्यास छापला. प्रश्न असा: ९९९९९ येईपर्यंत आकडे वाचत जा, मग सरासरी सांगा, ९९९९९ न धरता. पास्कल भाषेच्या व्हाईल लूपमध्ये (अट खरी असेपर्यंत फिरणारा) हे लिहायला एकदा लूपच्या आधी वाचावं लागतं आणि पुन्हा लूपच्या शेवटी, म्हणजे आधी प्रक्रिया, नंतर पुढचा आकडा. माणसाचा विचार उलट चालतो: वाच, शेवटचा आहे का बघ, नसेल तर बेरीज कर. लूपच्या मधूनच बाहेर पडायची सोय दिली तेव्हा जास्त जणांचे प्रोग्रॅम बरोबर आले.

गंमत म्हणजे धंतोलीकर सरांनी सांगितलेलं "कीबोर्डवरून एकेक तापमान" हे याच जातीचं कोडं आहे. शेवट कसा ओळखायचा ते त्यांनी सांगितलंच नाही.

शिस्तबद्ध

अभ्यास वाचला आहे. बरोबर उत्तर येणं आणि पुढे सहा महिन्यांनी दुसऱ्याला तो कोड वाचता येणं या दोन गोष्टी आहेत. पाच ओळींच्या लूपमध्ये ब्रेक शोभतो. पाचशे ओळींच्या लूपमध्ये चार ब्रेक शोधून दाखवा, मग बोलू.

आयटी पार्क, रात्रपाळी

पाचशे ओळींचा लूप लिहिणाऱ्याला ब्रेकवाचून काय कमी त्रास होणार आहे राजेहो.

फंक्शनवाला

लूपच नको. रिकर्शन, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं, शिकवा. हॅस्केल भाषेत फॉर-व्हाईल लूप नाहीतच, जग थांबलं नाही.

आयटी पार्क, रात्रपाळी

पायथनमध्ये रिकर्शनच्या साधारण हजाराव्या पायरीला जग थांबतं. मर्यादा वाढवता येते, पण पहिल्या महिन्यातल्या पोराला ते सांगत बसू का?

खडूफळा

धंतोलीकर, तुमचा सलग दिवसांचा तिसरा प्रश्न मी आज वर्गात टाकला. ॲरे नुकताच झाला आहे. बहुतेक पोरांनी असं लिहिलं: पारा ४५ च्या खाली आला की साखळी तुटली, तेव्हा ती आतापर्यंतच्या सर्वांत लांबशी ताडून बघायची. महिना संपताना पारा वरच असेल तर? साखळी कधी तुटतच नाही, म्हणजे ताडलीच जात नाही.

सेकंड सेम

मॅडम, मी घरी पाच दिवस घेऊन करून पाहिलं: ४६, ४४, ४५.५, ४६.२, ४५.८. वहीत ३ आलं, प्रोग्रॅमनं १ दिलं. मग ताडायची ओळ तुटण्याच्या इफमधून काढली आणि दर फेरीला ठेवली, आता ३ येतात. पाच आकडे नसते तर मले कळलंच नसतं.

धंतोलीकर

हेच पाहिजे होतं.

खडूफळा

पाच आकडे मान्य. ३१ ची यादी मात्र मी पहिल्या महिन्यात देणार नाही. आणि इनर लूपसाठी तारे ठेवणारच, फक्त काटकोन त्रिकोणापर्यंत. सूत्र पाठ करायला लावणारे हिरे आणि एबीसीडी मी माझ्यापुरते काढून टाकते.

सेकंड सेम

पण मॅडम, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे एक्स्टर्नल हिराच विचारतील ना?

खडूफळा

हाव, विचारतील. हिरा करून ये.